फरशी वरून कोरडी, आतून ओली

घरात पाणी शिरले की लादी पुसून काम संपत नाही. कोणती फरशी पाणी सोसते, कोणती फुगते आणि कोणती काही न दाखवता आतून खराब होते, हे ठाऊक असेल तर मोठा खर्च वाचू शकतो.

घरात पाणी सांडले की आपण काय करतो? फडके आणतो, लादी पुसतो, पंखा लावतो आणि अर्ध्या तासात ते विसरूनही जातो. बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नाही. पण पाणी दोन दिवस साचून राहिले असेल किंवा भिंतीतल्या पाइपातून कुणाच्या नकळत थेंब थेंब झिरपत असेल, तर गोष्ट निराळी असते. अशा वेळी लादी वरून कोरडी होते, पण तिच्या पोटात गेलेले पाणी तिथेच राहते. मग दोन-चार महिन्यांनी कुठे पांढरी भुकटी दिसू लागते, कुठे लाकडी पट्टी फुगते, कुठे चालताना टाइल पोकळ वाजते. तोपर्यंत पाणी शिरल्याची आठवणही पुसट झालेली असते आणि दोष जातो गवंड्याला, नाहीतर दुकानदाराला.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तळमजल्यावरच्या असंख्य घरांत पाणी शिरले. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई, ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड या भागांनी हाच अनुभव घेतला. पूर ओसरला, चिखल उपसून झाला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो. ही फरशी ठेवायची की काढायची? अर्थात त्यासाठी पूरच यायला हवा असे नाही. वॉशिंग मशीनची निसटलेली नळी, एसीच्या पाण्याची तुंबलेली नळी, न्हाणीघरातला फुटका सांधा किंवा रात्रभर उघडा राहिलेला नळ, यांपैकी एकही गोष्ट पुरेशी असते.

या प्रश्नाचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे. फरशी कशाची आहे आणि तिच्याखाली काय आहे?

पाणी जाते कुठे?

आपण जिला फरशी म्हणतो, ती खरे तर वरची कातडी असते. तिच्याखाली सिमेंट-वाळूच्या मालाचा थर असतो. त्याखाली इमारतीत काँक्रीटचा स्लॅब असतो, तर तळमजल्याच्या घरात कोबा, दगडांचे सोलिंग आणि मुरमाची भर असते. अनेक इमारतींत न्हाणीघर आणि संडासाखालचा स्लॅब मुद्दाम खोल ठेवतात आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरतात. दोन लाद्यांच्या सांध्यातून पाणी या थरांत उतरले की स्पंजात मुरावे तसे मुरते. ते जागच्या जागी राहत नाही, आडवेही पसरते. म्हणूनच न्हाणीघरातल्या गळतीची ओल कित्येकदा शेजारच्या खोलीत, कपाटाच्या पायाशी दिसते.

पाणी नेहमी खालीच जाते, असा आपला समज असतो. पण समईतली वात जशी तेल वर ओढते, तसेच वीट, वाळू आणि दगड यांच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढते. तळमजल्याच्या घरात जोत्यापाशी ओल अडवणारा थर घातलेला नसेल किंवा तो निकामी झाला असेल, तर जमिनीतली ओल फरशीपर्यंत येत राहते. हे पाणी माती आणि सिमेंटमधले क्षार आपल्याबरोबर आणते. वर येऊन पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. फरशीवर किंवा भिंतीच्या पायथ्याशी जी पांढरी भुकटी दिसते आणि जिला आपण लोणा म्हणतो, ती हीच. क्षार पृष्ठभागावर जमले तर नुसते झाडून काढता येतात. पण ते लादीच्या आत, पृष्ठभागाच्या थोडे खाली जमू लागले की त्यांचे स्फटिक वाढतात आणि वरचा पापुद्रा उचलून टाकतात.

तेव्हा लोणा हा फरशीचा रोग नाही, ते लक्षण आहे. रोग खाली आहे. हे एवढे लक्षात ठेवले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

शहाबाद आणि कोटा : गरीब, पण चिवट

कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद परिसरातून येणारी शहाबादी फरशी आणि राजस्थानातल्या कोटा जिल्ह्यातला, रामगंज मंडीच्या भागातला कोटा, दोन्ही चुनखडीचे दगड. महाराष्ट्रातले वाडे, चाळी, शाळा, स्वयंपाकघरे आणि जिने यांवर कित्येक पिढ्या चालल्या आहेत. पाणी साचले म्हणून हा दगड विरघळत नाही, फुगत नाही. पूर ओसरल्यावर चिखल धुतला, सांधे खरवडून पुन्हा भरले आणि खालचा थर वाळू दिला, तर बहुतेक फरशी जागेवरच वाचते.

तिची दुखणी दोन. पहिले असे की हा दगड थरांचा असतो. खालून सतत ओल येत राहिली तर त्याचे पापुद्रे सुटतात. अशी एखाद-दुसरी लादी असेल तर तेवढीच बदलावी. पूर्ण खोलीभर तसे होत असेल तर लादी बदलून उपयोग नाही, ओलीचा उगम शोधावा लागेल. दुसरे असे की चुनखडीला ॲसिडचे वावडे आहे. डाग काढण्यासाठी ॲसिड ओतले की ते बुडबुडे काढत दगडच खाते. चमक जाते आणि पृष्ठभाग खरखरीत झाल्यामुळे पुढे मळही लवकर धरतो.

संगमरवर : श्रीमंत, पण नाजूक

ताजमहालाला वापरलेला मकराण्याचा संगमरवर शतकानुशतके ऊनपाऊस झेलतो आहे, मग आपल्या दिवाणखान्यातला का पिवळा पडतो, असे पुष्कळजण विचारतात. याची कारणे साधी आहेत. संगमरवरात छिद्रे कमी असली तरी असतात. काही प्रकारच्या दगडांत लोहाचे अंश असतात. दगड दीर्घकाळ ओला राहिला की हे लोह गंजते आणि आतूनच पिवळा-तांबूस रंग धरू लागते. हा डाग वरून घासून जात नाही, कारण तो वर नसतोच. शिवाय पांढरा संगमरवर करड्या सिमेंटवर बसवलेला असेल, तर पाण्याबरोबर सिमेंटची काळपट छटाही वर येते. म्हणून जाणकार कारागीर पांढऱ्या दगडाखाली पांढरे सिमेंट वापरतात.

संगमरवरही चुनखडीच्याच कुळातला. लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड यांनी त्याची चकाकी मरते. पाणी शिरून गेल्यावर संगमरवर पिवळट दिसू लागला तर लगेच पॉलिशवाल्याला बोलावू नका. आधी तो पूर्ण वाळू द्या. खोलवर सुकल्यावर काही डाग फिके पडतात. जे राहतील त्यांवर मग पॉलिशचा विचार करता येतो. ओल्या दगडावर पॉलिश करणे किंवा वर सीलर मारणे म्हणजे आतल्या पाण्याला कोंडून ठेवणे.

ग्रॅनाइट या बाबतीत बराच सोशिक. तो अग्निज खडकांच्या कुळातला, कठीण आणि घट्ट दगड आहे. पाण्याने त्याच्या कडांना, सांध्यालगत काळपट चौकटीसारखी छटा येते. ती बहुधा खालच्या मालातली ओल असते आणि सुकल्यावर निघून जाते. महिने लोटले तरी गेली नाही, तर खाली कुठेतरी पाणी येतेच आहे असे समजावे.

मोझॅक, नक्षीच्या टाइल्स आणि लाल कोबा

मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत अजूनही पायाखाली मोझॅक असते. संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये दाबून केलेली ही लादी. तमिळनाडूतल्या चेट्टिनाड भागात अथंगुडी गावच्या नक्षीदार सिमेंट टाइल्स तर हाताने, काचेवर ओतून घडवल्या जातात. केरळ, कर्नाटक, बंगाल आणि गोव्यातल्या जुन्या घरांत सिमेंटमध्ये लाल ऑक्साइड मिसळून घोटलेली गुळगुळीत जमीन आढळते. या साऱ्यांचा पाया सिमेंटच, म्हणून पाण्याशी त्यांचे वागणेही सारखेच.

या फरशा पाणी पितात, पण पाणी सोडूनही देतात. वाळताना क्षार वर येऊन पांढरट ढग दिसतात, चमक उतरते, लाल जमिनीवर केसासारख्या बारीक भेगा ठळक होतात. घाबरून जाऊ नये. कोरड्या ब्रशने क्षार झाडत राहावे. ते ओल्या फडक्याने पुसू नयेत, कारण पाण्यात विरघळून ते पुन्हा आत जातात. पूर्ण सुकल्यावर मोझॅकला जागेवरच घासून नवे पॉलिश देता येते. वरचा थोडा भाग घासला गेला तरी खाली तीच लादी असते, हा तिचा मोठा गुण. आज जुने घर नव्याने करताना मोझॅक फोडून टाकण्याची घाई होते. पण पावसाळ्यात पाणी शिरणाऱ्या तळमजल्यावर हीच फरशी सर्वांत क्षमाशील ठरते.

खेड्यातली शेणाने सारवलेली जमीनही याच स्वभावाची. पाण्याने ती उखडते, चिखल होतो, पण दुरुस्तीला गवंडी लागत नाही. पाणी उतरले की खालची माती चोपून, वाळवून पुन्हा सारवता येते. ओल अडकून राहत नाही, कारण तिला अडवणारे वर काही नसते. मात्र पुरानंतर ही माती घाण पाण्याने भिजलेली असते. वरचा गाळ आणि भिजलेली माती काढून टाकून नवी भर घातल्याशिवाय सारवू नये. विशेषतः घरात रांगते मूल असेल तर नाहीच.

सिरॅमिक आणि विट्रिफाइड : टाइल शाबूत, खालचा माल?

गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांतून निघालेल्या टाइल्स आज देशभर घराघरांत पोहोचल्या आहेत. त्यात दोन मुख्य जाती. साधी सिरॅमिक टाइल वरून काचेसारखी चकचकीत असते, पण तिचे अंग भाजलेल्या मातीचे, पाणी शोषणारे असते. विट्रिफाइड टाइल जास्त उष्णतेवर भाजून इतकी घट्ट केलेली असते, की ती आपल्या वजनाच्या अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी पाणी शोषते. तेव्हा पाण्याने विट्रिफाइड टाइल खराब झाली असे सहसा होत नाही. खराब होते ते तिच्याखालचे.

पाणी सांध्यांतून उतरते. सांधे पांढऱ्या सिमेंटने वरवर भरलेले असतील तर आणखी सहज उतरते. टाइल बसवताना खाली सगळीकडे माल न लावता ठिकठिकाणी गोळे ठेवले असतील, तर मधल्या पोकळीत ते साचून राहते. टाइल स्वतः पाणी पीत नाही, म्हणून त्या पाण्याला वर उडून जायला सांध्याखेरीज वाट नसते. महिनोन्महिने ओला राहिलेला माल कमकुवत होतो, टाइलची पकड सुटते. मग एखाद्या दिवशी ऊन-थंडीने टाइल्स किंचित ताणल्या जातात, कडेला फुगायला जागा सोडलेली नसते आणि मोठा आवाज होऊन मधल्या दोन टाइल्स तंबूसारख्या वर उचलल्या जातात. घरचे दचकतात, भूकंप झाला की काय असे वाटते. प्रत्येक वेळी कारण पाणीच असेल असे नाही, पण पाणी शिरून गेलेल्या घरात हा धोका वाढतो.

याची चाचणी घरीच करता येते. रुपयाचे नाणे किंवा लाकडी लाटण्याचे टोक घेऊन प्रत्येक टाइलवर, मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत हलकेच वाजवा. घट्ट बसलेली टाइल टणक आवाज देते, सुटलेली पोकळ वाजते. पोकळ टाइल्सवर खडूने खुणा करा. एखाद-दुसरी असेल तर चिंता नाही. पाणी जिथे साचले होते तिथेच त्यांचा घोळका सापडला, तर तेवढा भाग उचलून खालचा माल बघावा लागेल.

लाकूड, लॅमिनेट आणि विनाइल : घड्याळ सुरू झाले!

दगडाच्या फरशीबाबत आपल्याला दिवस मिळतात, लाकडाबाबत तास. लाकूड पाणी पिऊन रुंदीत फुगते. खालची बाजू ओली आणि वरची कोरडी राहिली, की प्रत्येक पट्टीच्या कडा वर येतात आणि मधला भाग खोलगट होतो, वाटीसारखा. खऱ्या, भरीव लाकडाचे, त्यातही सागाचे, एक बरे असते. हळूहळू वाळवले तर अशा पट्ट्या बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. पण घाईने वर रंधा किंवा पॉलिश मशीन मारले तर उंच कडा घासल्या जातात आणि पुढे लाकूड पूर्ण सुकल्यावर मधला भाग फुगीर दिसू लागतो. तेव्हा लाकडी जमिनीला आधी वाळू द्यावे, मग घासावे. ओलसर लाकूड वाळवीलाही आमंत्रण देते, हेही ध्यानात ठेवावे.

लॅमिनेट दिसायला लाकूड, पण आत दाबून केलेला लाकडाचा भुसा आणि वर लाकडाचे चित्र छापलेला कागद असतो. त्याच्या सांध्यातून पाणी आत गेले, की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. वाळवून, वजन ठेवून, इस्त्री फिरवून काही उपयोग होत नाही. फुगलेल्या पट्ट्या बदलणे हाच उपाय. पाणी जास्त असेल तर लॅमिनेटखालचा फोमही भिजलेला असतो. तो काढून टाकल्याशिवाय नव्या पट्ट्या घालू नयेत. लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेल्या पट्ट्यांमध्ये पाण्याने थर सुटतात. त्यांतल्या काही वाचतात, काही वाचत नाहीत.

विनाइल आणि दगडाची भुकटी व प्लॅस्टिक यांपासून केलेल्या हल्लीच्या पट्ट्या यांची जाहिरात पाण्याला न बधणारी म्हणून केली जाते. ते खरेही आहे, पण अर्धेच. पट्टीला पाणी बाधत नाही. मात्र सांध्यातून किंवा भिंतीच्या कडेने खाली गेलेले पाणी त्याच पट्टीखाली कोंडले जाते. वरून सारे स्वच्छ दिसते आणि खोलीत कुबट वास येऊ लागतो. तो बुरशीचा असतो. दमा असलेल्यांना, लहान मुलांना आणि वृद्धांना या बुरशीचा त्रास होतो. भिजलेले गालिचे, चटया, गाद्या आणि फोम यांच्यात चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरू शकते, म्हणून त्या आधी बाहेर काढाव्यात. विनाइलची कडा एका कोपऱ्यात उचलून खाली पाहावे. ओल दिसली तर पट्ट्या उचलून, पुसून बाजूला ठेवाव्यात आणि जमीन सुकल्यावर पुन्हा बसवाव्यात. सांध्यात सांधा अडकवून बसवलेल्या पट्ट्यांचा हा फायदा आहे. गोंदाने चिकटवलेले विनाइल मात्र बहुधा बदलावे लागते.

पाणी ओसरल्यावर काय करावे?

सर्वांत आधी वीज. पाणी शिरलेल्या घरात पाऊल टाकण्यापूर्वी मेन स्विच बंद झाला आहे याची खात्री करा. मेन स्विचपर्यंत पाण्यातून जावे लागणार असेल तर स्वतः जाऊ नका, वीज कंपनीच्या माणसाला किंवा इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पुराचे पाणी गटाराचे असते. त्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पसरतात. २००५ च्या पुरानंतर मुंबईला हा अनुभव आला होता. म्हणून गमबूट आणि हातमोजे घालून, गाळ ओला असतानाच काढावा. वाळून घट्ट झाला की तो फरशी ओरबाडतो. मग साबणाच्या पाण्याने धुऊन, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने निर्जंतुक करावे. संगमरवर आणि लाकडावर ते फार वेळ साचू देऊ नये. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र किंवा एकापाठोपाठ वापरू नका. त्यांच्या संयोगाने क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

मग वाळवणे. बाहेर ऊन असेल तर दारे-खिडक्या उघडून पंखे जमिनीलगत वारा मारतील असे ठेवा. भर पावसात मात्र बाहेरची हवाच दमट असते. तेव्हा खिडक्या लावून एसी कोरड्या हवेच्या सेटिंगवर चालवणे अधिक उपयोगी पडते. लवकर वाळावे म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास येऊ न देता जीव घेतो. कपाटे, पलंग आणि फ्रीज विटांवर उचलून ठेवा, म्हणजे त्यांच्याखालीही हवा खेळेल.

किती दिवस वाळवायचे? सिमेंटच्या नव्या थराबद्दल बांधकामातला एक ढोबळ हिशेब असा आहे, की चांगल्या हवेत तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाळतो. म्हणजे दोन इंचांच्या थराला दीड-दोन महिने. भिजलेल्या जुन्या थरालाही असाच वेळ लागू शकतो आणि पावसाळ्यात तर त्याहून जास्त. पंधरा दिवसांत नवी फरशी घालून देतो म्हणणाऱ्याला म्हणूनच जरा थांबवायला हवे.

वाळले की नाही, हे कळण्याची सोपी युक्ती आहे. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि पूर्ण एक दिवस तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आत दवासारखे थेंब दिसले किंवा खालची जमीन काळपट झाली, तर आत अजून ओल आहे. खोलीत तीन-चार ठिकाणी हा प्रयोग करावा. विट्रिफाइड टाइलवर तो फसवा ठरेल, कारण ती ओल वर येऊच देत नाही. तिथे एखादी पोकळ टाइल उचलून खालच्या मालावरच करावा.

पूर नाही, तरी ओल आहे?

मग उगम शोधायला हवा. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. दोन तासांत कुणी पाणी न वापरता आकडा पुढे सरकला, तर पुरवठ्याचा पाइप गळतो आहे. आकडा हलला नाही तर संशय सांडपाण्याच्या बाजूवर. न्हाणीघराची जाळी बंद करून दोन-तीन इंच पाणी भरा, त्यात खाण्याचा रंग मिसळा आणि एक दिवस ठेवा. खालच्या छतावर किंवा शेजारच्या खोलीत रंगीत ओल दिसली तर चोर सापडला. मात्र हे करण्यापूर्वी खालच्या मजल्यावर सांगून ठेवावे.

फ्लॅटमध्ये या ओलीवरूनच शेजाऱ्यांशी वितुष्ट येते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते. संडास, सिंक अशा सदनिकेच्या आतल्या गळतीचा खर्च मात्र सदस्यावर असतो. तेव्हा भांडणाआधी उगम निश्चित करणे दोघांच्याही हिताचे.

विम्याकडेही दुर्लक्ष करू नये. १ एप्रिल २०२१ पासून देशात सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर आणि पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेले नुकसान समाविष्ट आहे. वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या ओलीची भरपाई मात्र सहसा मिळत नाही. पाणी शिरल्यावर फरशी उचलण्याआधी फोटो काढावेत, पाणी भिंतीवर कुठवर चढले ती खूण दाखवावी आणि विमा कंपनीला त्वरित कळवावे.

नवी फरशी घालताना

जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. फोडाफोडी टळते, धूळ होत नाही, वेळ वाचतो. खालची फरशी कोरडी आणि घट्ट असेल तर त्यात गैर काही नाही. पण ओल असताना हे केले, तर आपण रोगावर पांघरूण घातले. वर्षा-दोन वर्षांत नवी टाइल सुटते आणि मग दोन्ही थर फोडावे लागतात. एकाच खोलीसाठी दोनदा पैसे मोजावे लागतात.

म्हणून फरशी निवडताना दुकानातल्या नमुन्याआधी आपल्या घराकडे पाहावे. तळमजला असेल, दरवर्षी अंगणात पाणी साचत असेल, तर दगड, मोझॅक किंवा सिमेंटची फरशी बरी. लाकूड आणि लॅमिनेट वरच्या मजल्यावरच्या कोरड्या खोल्यांसाठी ठेवावे. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बाल्कनीत टाइल खरखरीत असावी, म्हणजे ओल्या जमिनीवर घरातली वडीलधारी माणसे घसरणार नाहीत. उतार जाळीच्या दिशेने आहे की नाही, हे टाइल बसवण्यापूर्वी बादलीभर पाणी ओतून पाहावे. सांधे चांगल्या ग्राउटने भरून घ्यावेत आणि भिंतीलगत टाइलला फुगायला थोडी जागा सोडायला गवंड्याला आवर्जून सांगावे. स्कर्टिंगच्या पट्टीखाली ती दिसतही नाही.

हे टाळा

• ओल्या दगडावर पॉलिश, सीलर किंवा मेण लावणे.
• संगमरवर, कोटा, शहाबाद आणि मोझॅकवर ॲसिड ओतणे.
• लोणा ओल्या फडक्याने पुसणे.
• फुगलेल्या लाकडी जमिनीला वाळण्यापूर्वी घासणे.
• विनाइल किंवा गालिचा न उचलता वरून नुसता वारा घालणे.
• ओलीचा उगम न शोधता नवी फरशी घालणे.

घराची फरशी हा मध्यमवर्गीय कुटुंबाचा मोठा खर्च असतो. ती सारखी बदलता येत नाही. पण पाणी शिरल्यावर पहिल्या दोन दिवसांत केलेली धावपळ आणि पुढचे दोन महिने धरलेला धीर, एवढ्यावर बहुतेक फरशा वाचतात. पोकळ वाजणारी टाइल, भिंतीच्या पायथ्याची पांढरी रेघ, बंद खोलीतला कुबट वास, या खुणा दिसल्या की दुकान गाठण्यापूर्वी आधी पाण्याची वाट शोधा. ती बंद केली, जमीन वाळली, की मग कोणतीही फरशी निवडायला तुम्ही मोकळे!